अंगात रक्त नाही

"हिच्या अंगात रक्तच नाही हो." आपल्या घरांतून हे वाक्य इतकं सहज बोललं जातं की त्याच्यावर थांबून कुणी विचार करत नाही. सून पांढरी दिसली, जिना चढताना थांबली, भाकऱ्या थापता थापता खाली बसली, की हे वाक्य येतंच. आणि लगोलग दुसरंही येतं, "बायकांचं असंच असतं."

पहिलं वाक्य शब्दशः खरं नाही. अशा बाईच्या अंगात रक्त असतं, साधारण चार लिटरच्या आसपास, म्हणजे इतर बाईच्या अंगात असतं जवळजवळ तेवढंच. कमी असतो तो रक्तातला वाहून नेणारा. दुसरं वाक्य मात्र नुसतं चूक नाही, त्याने बायका मारल्या आहेत. ते कसं, आणि ते खोटं कुणी पाडलं, एवढंच मला सांगायचं आहे. मी कला शाखेची पदवीधर, रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरता. पण इतिहास वाचायला प्रयोगशाळा लागत नाही.

मी गाणगापूरला राहते. घर आमचं जैनांचं, गाव दत्तमहाराजांचं. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून निर्गुण मठात पादुकांच्या दर्शनाला येणारे लोक सोलापूर, लातूर, पुणे, कुठून कुठून येतात. दुपारी माधुकरी मागतात. आणि सगळ्यांना माहीत आहे की इथे 'लागलेली' माणसंही आणली जातात. त्यांत तरण्या मुली, नव्या सुना पुष्कळ. मंडळी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकतात, तेव्हा मी विचारते, काय होतं हिला? उत्तरं ठरलेली. चालता चालता मटकन बसते. रात्री छातीत धडधडतं. घुसमटते. कामात लक्ष नाही. आणि शेवटी आवाज खाली आणून, "माती खाते हो. पाटीवरची पेन्सिल खाते. कच्चे तांदूळ खाते." माती खाते म्हणजे काहीतरी लागलंयच, असं घरच्यांना वाटतं. कुणी यावं न यावं यावर मी बोलणार नाही. इथे येऊन मन शांत झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे शरीरात लोह कमी पडल्याचं जुनं, डॉक्टरांच्या पुस्तकात नोंदलेलं लक्षण आहे. मुलीच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून पाहिली तरी आतला पांढरेपणा दिसतो. मी त्यांना सांगते, दर्शन घ्या, आणि परत जाताना रक्त तपासून घ्या. काही जणी ऐकतात.

आपल्याकडेच असं होतं, असं समजू नका. युरोपात पांढऱ्या-हिरवट पडणाऱ्या तरुण मुलींचा एक वेगळा आजारच मानला होता. योहानेस लांगे नावाच्या जर्मन वैद्याने १५५४ साली त्यावर पत्र लिहिलं आणि उपाय सांगितला, मुलीचं लग्न करा! आमच्याकडच्या आत्याबाई आणि हा लांगे यांचं चांगलं जमलं असतं. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी इंग्लंडचा सिडनहॅम अशा मुलींना लोखंडाचा कीस दारूत भिजवून देऊ लागला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. का बऱ्या होतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्या वैद्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. पांडुरोगावर चरकसंहितेत नवायस चूर्ण आहे, त्यात नऊ औषधी आणि त्यांच्या बरोबरीने नऊ भाग लोह. त्या नवांत त्रिफळाही आहे, आणि त्रिफळ्यात आवळा. आज डॉक्टर लोहाच्या गोळीबरोबर लिंबू-आवळा घ्यायला सांगतात, कारण आंबट फळातलं क जीवनसत्त्व पोटात लोह शोषून घ्यायला मदत करतं. जुन्यांना कारण ठाऊक नसेल, जोडी मात्र बरोबर बसली होती.

कारण कळायला रक्त काय काम करतं ते कळावं लागलं, आणि त्याला तीनशे वर्षं लागली. १६२८ साली हार्वेने दाखवलं की रक्त अंगात फिरतं, हृदयातून निघून परत हृदयात येतं. पण फिरतं कशासाठी? १६६९ साली रिचर्ड लोअरने लिहिलं की काळपट रक्त फुप्फुसातून जाताना हवेशी गाठ पडली की लालभडक होतं. हे त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं. ते वर्णन मला पुरतं वाचवलं नाही, मी पान उलटलं. पुढे शंभर वर्षांनी लाव्हाझिएने हवेतल्या त्या भागाला ऑक्सिजन हे नाव दिलं आणि सांगितलं की श्वास म्हणजे एक मंद जळणंच आहे. १८६४ साली जर्मनीत होपे-झायलरने रक्तातल्या लाल द्रव्याला हिमोग्लोबिन म्हटलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडात स्टोक्सने दाखवलं की हेच द्रव्य ऑक्सिजन घेतं आणि सोडतं, म्हणून रंग बदलतो.

घेतं आणि सोडतं. यातला 'सोडतं' हा शब्द महत्त्वाचा. लोखंडाला हवा लागली तर काय होतं ते आपल्याला तव्यावरून माहीत आहे. गंज चढतो. म्हणजे लोखंड ऑक्सिजन घेतं, पण एकदा धरला की सोडत नाही. गंजलेला तवा आपला आपण पुन्हा काळा होत नाही. मग रक्तातलं लोह गंजत का नाही? कारण ते उघडं नसतं. प्रथिनाच्या चार साखळ्या एकमेकींत गुंडाळलेल्या असतात, प्रत्येकीच्या घडीत लोहाचा एकेक अणू जपून ठेवलेला. तिथे ऑक्सिजन येऊन बसतो, पण गंज होण्याइतका चिकटत नाही. एका जागी बसला की बाकीच्या तीन जागांना तो धरणं सोपं जातं. आणि जिथे स्नायू काम करत असतात, कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, तिथे पकड आपोआप सैल होते. हे डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी १९०४ साली दाखवलं. म्हणजे ज्याला जास्त गरज, त्याच्या झोळीत जास्त. या घड्यांचा नकाशा काढायला मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ पासून वीस-बावीस वर्षं घालवली. १९६२ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या शास्त्रात दहा प्राण सांगितले आहेत, त्यांत श्वासोच्छ्वास हा एक. पाठशाळेत हे पाठ करताना मला वाटायचं, श्वास तर नाकात आणि छातीत असतो, मग पायाच्या अंगठ्याला प्राण कुठून? तो तिथवर या लाल पेशींच्या पाठीवर बसून जातो. एकेक पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि मिनिटाभरात अंगाची एक फेरी करते. मेलेल्यांच्या जागी हाडांतल्या मगजातून नव्या पेशी तयार होतात, दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर तरी झाल्या.

आता त्या सुनेचं गणित मांडू. नुसत्या पाण्यासारखं रक्त असतं, तर एका लिटरमध्ये जेमतेम ३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळला असता. एक ग्रॅम हिमोग्लोबिन मात्र १.३४ मिलिलिटर धरतं. रिपोर्टवर १२ लिहिलं असेल तर लिटरमागे १६० मिलिलिटर. ६ लिहिलं असेल तर ८०. घरातलं काम तर अर्धं होत नाही! मग हृदयाने तेच रक्त जास्त वेळा फिरवायचं. छातीत धडधडतं ते म्हणून. दम लागतो तो म्हणून. मटकन बसते ती आळशी म्हणून नाही, आणि कुणी लागलंय म्हणूनही नाही. अशा बाईला दिवस गेले, तर दोन जिवांचा भार त्याच ८० वर. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तर धडधाकट बाई निभावते, ही निभावत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत नेमकं हेच चाललं होतं. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्या पडत आणि मरत. हा काही नुसत्या लोहाच्या कमतरतेचा आजार नव्हता. लोह कमी असलं की लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलट, पेशी मोठ्या मोठ्या, पण संख्येने फार थोड्या. लोह देऊन गुण येईना. बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी सुरू झाली आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून १९२८ साली लुसी विल्स नावाच्या डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, पण केंब्रिज तेव्हा बायकांना परीक्षा देऊ देत असे, पदवी देत नसे (दिली ती १९४८ पासून). मग लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाल्या. मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम मांडलं. प्लेगच्या लशीची हीच ती संस्था. गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या बंगल्यात होती, आजही तिथेच आहे.

विल्सबाईंनी पहिल्यांदा जंतू शोधला. सापडला नाही. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. बायका काय खातात ते त्या बघू लागल्या. मुंबईच्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी झाली. त्या निबंधांवर मेहता, तळपदे अशी इथली नावंही आहेत. दिसलं असं की खात्यापित्या घरांत हा आजार क्वचित, गरिबांत जास्त, आणि गरिबांतही मुसलमान बायकांत अधिक. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध यांचा पत्ता नव्हता त्या. नवरा, मुलं, सासरा जेवल्यावर तळाशी उरेल ते खायचं, हे मी माझ्या मनाने जोडते. पण ते जोडायला मला कुठला निबंध लागत नाही, आपणही त्या पंगतीत बसलेल्या आहोत.

मग तसाच निकृष्ट आहार त्यांनी उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन पाहिला. माझ्यातली श्राविका इथे पुन्हा अडखळते. हे झालं नसतं तर बरं, असं मनात येतं, आणि लगेच गिरणगावच्या त्या बायका डोळ्यांपुढे येतात. हा हिशोब मला सोडवता आलेला नाही आणि मी तो सोडवल्याचा आवही आणणार नाही. झालं ते असं, की मरणाला टेकलेली माकडं एका स्वस्त पदार्थाने सुधारली. त्याचं नाव मार्माइट. बिअर गाळून खाली राहिलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात. तोच रोगी बायकांना दिला आणि त्या काही दिवसांत उठून बसू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं.

आपल्यासाठी यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. तेव्हा दुसऱ्या एका पंडुरोगावर जनावराच्या काळजाचा इलाज नवा नवा निघाला होता. त्याला १९३४ साली नोबेलही मिळालं. रक्त वाढवायचं म्हणजे लिव्हर, हे डॉक्टरांच्या डोक्यात इतकं बसलं की पुढे कित्येक वर्षं आपल्या बायकांना लिव्हर एक्स्ट्रॅक्टची इंजेक्शनं टोचत होते. कशाचं आहे ते कितीजणींना सांगितलं असेल, देव जाणे. विल्सबाईंनी मात्र दाखवलं की मुंबईच्या बायकांच्या आजारावर काळजाचा शुद्ध केलेला अर्क चालत नाही आणि यीस्टचा अर्क चालतो. म्हणजे त्यात काहीतरी तिसरंच आहे. बरीच वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. (यीस्ट आपल्याला चालतं का, हे महाराजांना विचारा. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि पुढे त्याची गरजही उरली नाही.) १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून तेच द्रव्य चिमूटभर काढलं आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव ठेवलं फॉलिक ॲसिड. १९४५ साली लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते कारखान्यात बनवलं. तेव्हापासून ते कुणाच्या काळजातून काढावं लागत नाही.

आज अंगणवाडीत, शाळेत, सरकारी दवाखान्यात जी गोळी फुकट मिळते, मुलींना निळी आणि गरोदर बाईला लाल, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सिडनहॅमचं लोखंड आणि विल्सबाईंचं ते द्रव्य, दोन्ही एकाच गोळीत. देशात लोह-फॉलिकच्या गोळ्यांचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. महाराष्ट्रात ५४, आमच्या कर्नाटकात जवळजवळ ४८. गोळी घरापर्यंत पोचते आणि कपाटावर राहते.

का राहते? आपल्या समाजापुरतं बोलते. एक तर शंका, की गोळीत काय असेल. शंका रास्त आहे, कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जनावरापासून केलेल्या जिलेटिनचं असतं. औषधवाल्याला विचारावं, साधी गोळी किंवा वनस्पतीजन्य आवरणाची कॅप्सूल मागावी. पण विचारायचं सोडून गोळीच बंद करणं हा कुठला धर्म? दुसरं कारण, "आपण शाकाहारी, आपलं रक्त कमीच असणार." हे मी शिकल्यासवरलेल्या बायकांकडून ऐकलं आहे. त्यांना मी मळखेडची आठवण देते. कलबुर्गीच्या पलीकडे कागिणा नदीकाठचं मळखेड, म्हणजे जुनं मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. नवव्या शतकात तिथे अमोघवर्ष नृपतुंग राज्य करत होता. त्या काळातल्या उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' नावाचा अख्खा वैद्यकग्रंथ संस्कृतात लिहिला, ज्यात मांस, मद्य, मध यांच्याशिवाय औषधं सांगितली, आणि मांस खायची गरज नाही हे नृपतुंगाच्या सभेत वैद्यांपुढे मांडल्याचं त्या ग्रंथातच आहे. १९४० साली वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी तो संपादून सोलापुरातून छापला. अकराशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात आचार्यांनी उभा केलेला हा युक्तिवाद, आणि आपण म्हणायचं शाकाहार आहे म्हणून रक्त नाही!

मात्र शाकाहार डोळसपणे करावा लागतो. वनस्पतीतलं लोह पोटात कमी शोषलं जातं. म्हणून त्याच्याबरोबर लिंबू, आवळा, पेरू हवा, आणि जेवणाला लागून चहा नको, चहा लोह अडवतो. आमच्याकडची पुंडी पल्ल्या, म्हणजे अंबाडीची भाजी, लोखंडी कढईत केली तर आंबटपणाने कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. स्टील आणि नॉनस्टिकच्या नादात ही कढई आपण माळ्यावर टाकली. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळतच नाही, दूध-दही-ताकातून येतं. ज्या मुली हल्ली दूधही सोडतात, त्यांनी डॉक्टरला विचारून त्याची गोळी घ्यावी. त्याच्या अभावीही पेशी तशाच मोठ्या आणि थोड्या होतात, जशा विल्सबाईंना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. महिना-दोन महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर मात्र घरगुती उपाय पुरे. थॅलेसेमिया, सिकल सेल असलं काही आहे का, ते तपासून घ्यायचं.

चातुर्मासाचं काय, हे मला दरवर्षी आषाढात विचारतात. चार महिने पालेभाजी वर्ज्य, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या नावातलं पानच ताटातून गेलं. पण ते काही पानातच असतं असं नाही. मूग, हरभरा, मसूर, तूर, सगळ्या डाळींत ते भरपूर आहे, आणि कलबुर्गीची तूर तर आपल्या दारात. नियम मोडायला नको, वरण पातळ करायला नको. उपासांचं विचाराल तर सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' अशीच एक भावना आहे, शक्तीप्रमाणे तप. शक्ती किती आहे हे अंदाजाने कशाला, रिपोर्टवर आकडा लिहून येतो. गरोदर नसलेल्या बाईला १२, गरोदर असेल तर ११, त्याच्या खाली रक्तक्षय. ज्या सुनेचा आकडा ७ आहे तिच्या अठाईचं कौतुक करणाऱ्या मंडळींना मी तोंडावर सांगितलं आहे की तिचं यंदाचं तप म्हणजे रोजची गोळी. बरं वाटलं नाही त्यांना. सुनेने मात्र गोळी घेतली.

गोळीने काहींना मळमळतं, त्यांनी ती रात्री जेवण झाल्यावर झोपताना घ्यावी. चौविहार असेल तर सूर्यास्ताआधी जेवणानंतर घ्यावी. आणि गोळी सुरू झाल्यावर शौचाला काळं होतं. ते पाहून घाबरून बऱ्याच जणी आठवड्यातच सोडतात. ते न शोषलं गेलेलं लोह असतं, दुसरं काही नाही.